विषय : एका शब्दाचा खुलासा मिळणेबाबत

आमच्या कॉलेजात यंदा एक टूम निघाली. अकरावी-बारावीच्या मुलांना राज्यशास्त्रातले साधे शब्दही कळत नाहीत, तेव्हा आपणच एक छोटी पुस्तिका काढू या, असं विभागातल्या तरुण मॅडमनी बैठकीत मांडलं आणि आम्ही सगळ्यांनी चहा पिता पिता मान डोलावली. मान डोलावली की काम अंगावर येतं, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कळायला हवं होतं. शब्द वाटले गेले. माझ्या वाट्याला 'प' आला. पक्षांतर, पंचायत राज, प्रजासत्ताक, प्रतिगामी, प्रतिक्रांती. प्रत्येक शब्दापुढे दोन रकाने आखलेले: अर्थ, आणि वाक्यात उपयोग. शाळेत व्याकरणाच्या पेपरात असायचे तसेच.

पक्षांतराला वाक्य शोधावं लागलं नाही, त्या दिवशीचा पेपर टेबलावरच पडला होता. बाकीचेही भराभर उरकले. प्रतिक्रांतीचा अर्थही लिहिला: झालेली किंवा होऊ घातलेली क्रांती उलथवून जुनी व्यवस्था परत आणण्याचा प्रयत्न, असा प्रयत्न करणारा तो प्रतिक्रांतिकारक. त्याखाली मुलांसाठी एक टीपही जोडली. हा शब्द सहसा कोणी स्वतःबद्दल वापरत नाही. क्रांतीला विरोध करणारे स्वतःला परंपरेचे नाहीतर शांततेचे रखवालदार म्हणवतात. हा शब्द त्यांना समोरून चिकटवला जातो. आणि मला तर वाटतं, तो खऱ्या शत्रूंपेक्षा शेजारी बसलेल्या माणसालाच जास्त चिकटवला गेला असेल.

उपयोगाचा रकाना मात्र कोरा राहिला. मॅडमनी दोनदा आठवण करून दिली. "मॅडम, एवढंच राहिलंय, कुठलंही वाक्य टाका ना," असं म्हणाल्या. कुठलंही वाक्य मला टाकता येईना, कारण या शब्दाचा वाक्यात उपयोग मी आयुष्यात एकदा केलेला आहे. माझ्या सख्ख्या भावावर केलेला आहे.

दादा माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा. आमचे वडील लवकर गेले, त्यामुळे मला शाळेत घालणारा, वह्यांना कव्हर घालणारा, पालकसभेला येणारा तोच. आम्ही डोंबिवलीजवळ मानपाड्याला चाळीत राहायचो, आणि पलीकडच्याच एका कंपनीत तो फिटर होता. शिक्षण आठवीपर्यंत. पण अक्षर असं की बघत राहावं, आणि अर्ज लिहावा तर त्यानेच. चाळीतल्या निम्म्या घरांचे रेशनकार्डाचे, नळाच्या कनेक्शनचे, शाळेच्या दाखल्याचे अर्ज त्याच्या हातचे. रविवारी सकाळी दार उघडलं की ओट्यावर दोनचार माणसं बसलेलीच असायची. कोणाकडून एक पैसा घेत नसे. वहिनी चहा ठेवायची, आणि हा मांडीवर पाट घेऊन, खाली कार्बन पेपर घालून सुरू व्हायचा: प्रति, मा. तहसीलदार साहेब यांस. विषय, अमुक अमुक मिळणेबाबत.

अर्जाच्या बाबतीत त्याचे दोन नियम होते. पहिला, विषय एका ओळीत बसला पाहिजे. दुसरा, अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलायचं नाही. "मिळाले म्हणून सही-शिक्का आणायचा," तो प्रत्येकाला बजावायचा. "पोच नाय तर अर्ज नाय. उद्या बोलतील, आम्हाला काय मिळालंच नाय." ज्यांना ऑफिसात जायची भीती वाटे त्यांच्याबरोबर तो स्वतः जायचा. मला अक्षरं गिरवायला लावलं तेही त्यानेच. 'क्र' मला जमायचा नाही, खालची तिरकी रेघ कुठेतरी भलतीकडेच जायची. माझा हात धरून त्याने पाटीवर तो कितीतरी वेळा काढून घेतला.

ठाण्याला कॉलेजात गेले तेव्हा मला शिंगं फुटली. चाळीतली पहिली मुलगी कॉलेजात जाणारी, सगळे कौतुक करायचे, त्यात कोपरीचं अभ्यास मंडळ भेटलं. स्टेशनच्या पूर्वेला, एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत दर रविवारी सकाळी आम्ही दहाबारा जण जमायचो. खालून गिरणीची घरघर, आणि पुस्तकांवर कायम पिठाची पातळ साय. वर्ग घेणारे सर निवृत्त शिक्षक, शुद्ध बोलणारे, एकेक शब्द तोलून टाकणारे. ते समोर उभे राहून बोलायला लागले की मला वाटायचं जग आता बदलायचंच बाकी आहे, पुढच्या रविवारपर्यंत तेही होईल. हजेरी कोणीतरी ठेवायची म्हणून मला सचिव केलेलं. मी ते पद किती गंभीरपणे घेतलं होतं, हे आठवलं की आजही कान गरम होतात.

त्या वर्षी दादाच्या कंपनीत संप झाला. कायम कामगारांच्या मागण्या होत्या, युनियन होती, गेटबाहेर मंडप होता, आणि दादा रोज इतरांसारखा तिथे जाऊन बसायचा. आमच्या मंडळाने पाठिंबा द्यायचं ठरवलं. पाठिंबा म्हणजे काय, तर एक पत्रक. मी हाताने लिहायचं, झेरॉक्स काढायचं, गेटवर वाटायचं. त्यात सरांच्या आग्रहाने एक सदर होतं, 'शब्दांची ओळख'. दर पत्रकात एक शब्द, त्याचा अर्थ, आणि वाक्यात उपयोग. हो, तेच दोन रकाने.

आता दादाने काय केलं ते सांगते. कंपनीत झाडलोट करायला कंत्राटदाराने आणलेल्या सात बायका होत्या. युनियनने त्यांना घेतलेलं नव्हतं, मागण्यांत त्यांचं नाव नव्हतं, आणि संप चालू असताना कंत्राटदार त्यांच्या जागी दुसऱ्या बायका आणतोय अशी बातमी आली. त्या सातही जणी रविवारी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. दादाने अर्ज लिहिला. प्रति, मा. मॅनेजर साहेब. विषय, आम्हा सात महिलांना कामावरून कमी न करणेबाबत. पण आत जाऊन द्यायचा कोणी? बायका घाबरल्या होत्या. मग दादाच त्यांना घेऊन भर दुपारी, मंडपातल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, गेटच्या आत गेला. अर्ज दिला असता आणि लगेच बाहेर आला असता तर कदाचित एवढं झालं नसतं. पण त्याला पोच पाहिजे होती. शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला. दादा तासभर आत बसून राहिला. बाहेर आला तेव्हा हातात शिक्का मारलेला कागद होता, आणि मंडपात कोणी त्याच्याशी बोललं नाही.

त्याच आठवड्याच्या पत्रकाचा शब्द सरांनी निवडला: प्रतिक्रांती. अर्थ त्यांनी सांगितला, मी लिहून घेतला. मग म्हणाले, "उपयोग तू लिही. तुझ्या भागातलं उदाहरण दे, म्हणजे कामगारांना भिडेल."

मी लिहिलं: 'संप चालू असताना गेटच्या आत अर्ज घेऊन जाणारा कामगार हा प्रतिक्रांतिकारक होय.'

चूक झाली, लक्षात आलं नाही, असं काही म्हणायची सोय नाही. लिहिताना मला दादाच दिसत होता. सख्ख्या भावालाही सोडलं नाही म्हणजे माझी क्रांती किती खरी, असं मला वाटत होतं. छाती भरून आली होती. पण तो माझा भाऊ आहे हे मात्र मी मंडळात कोणाला सांगितलं नाही. म्हणजे शौर्यही अर्धंच.

आणि याहून वाईट म्हणजे, त्या खोलीत हा शब्द दोन्ही बाजूंनी ठाऊक असलेली मी एकटी होते. सरांच्या लेखी त्याचा अर्थ फार तर संपफोड्या. पण आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीत हा शब्द आधीपासून राहायला होता. विहारातल्या व्याख्यानांत तो मी परकर-पोलक्यात असल्यापासून ऐकलेला. बुद्धाने माणसाला माणूस म्हटलं ती क्रांती. आणि ती मोडून ज्यांनी पुन्हा वरचा-खालचा केला, आपल्याला गावाबाहेर काढलं, ती प्रतिक्रांती. शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्याही हे सांगू शकायच्या. कोपरीत लिहिलेला शब्द मानपाड्याला पोचेपर्यंत त्याचं वजन किती झालं असेल, हे मला कळत होतं. निदान कळायला हवं होतं.

पत्रकात नाव नव्हतं. पण मानपाड्यात अर्ज म्हटलं की दुसरं नाव कोणाच्या तोंडात येणार होतं?

कोणी भांडलं नाही, दगड मारला नाही. फक्त पुढच्या रविवारी ओट्यावर कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही. वहिनीने सवयीने मोठ्या पातेल्यात चहा ठेवला आणि तो आम्ही तिघांनी दोनदोनदा प्यायला. पौर्णिमेला विहारात सूचना वाचायला नेहमी दादा उभा राहायचा. त्या पौर्णिमेला दुसराच एक जण उठला, आणि दादा अर्धवट उठलेला परत खाली बसला. ते मी बायकांच्या रांगेतून पाहिलं. हातातल्या कागदाची घडी करत राहिला, घडी करत राहिला. त्या सात बायका कामावर राहिल्या, हे खरं. पण त्यांचं ऐकणार कोण होतं?

वहिनी शाळेत गेलेली नव्हती. नळावर तिने तो शब्द ऐकला आणि घरी येऊन मलाच विचारलं. "ताई, ह्यांना लोक काय बोलतात ते? क्रांतिकारक का काय. चांगलं असतं ना ते? मग तोंड का फिरवतात?" मी पुस्तकातून मान वर न काढता म्हटलं, "वहिनी, तुला नाही कळणार ते." तिने हंडा खाली ठेवला आणि पुढे काही विचारलं नाही.

दोन दिवसांनी दादाने माझ्या हातात एक पाकीट दिलं. "रविवारी जाशील तेव्हा मंडळात दे," म्हणाला. मग दुसरी प्रत पुढे केली. "आणि हिच्यावर पोच दे."

"घरातल्या घरात कसली पोच?" मी म्हटलं. त्याने दुसरी प्रत खिशात घातली.

तो अर्ज मला आजही तोंडपाठ आहे.

'प्रति, मा. सचिव, अभ्यास मंडळ, कोपरी, ठाणे पूर्व. विषय : प्रतिक्रांतिकारक या शब्दाचा खुलासा मिळणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, आपले पत्रकात सदर शब्द आलेला आहे. सदर शब्दाचा अर्थ आमचे वस्तीत निरनिराळा सांगण्यात येत आहे. घरच्या मंडळींनीही विचारणा केलेली आहे. तरी सदर शब्दाचा खरा अर्थ लेखी कळवावा, जेणेकरून घरी वाचून दाखविता येईल. कळावे, आपला विश्वासू.' खाली सही.

रविवारी सरांनी तो मोठ्याने वाचला. 'विषय' या शब्दाला पहिलं हसू फुटलं. 'सदर'ला दुसरं. सर तसे मनाने वाईट नव्हते, पण वाचताना त्यांचा आवाज आपोआप सरकारी झाला. "आणि या महोदया कोण?" ते म्हणाले, आणि सगळी खोली हसली. मीही हसले. इतरांपेक्षा जरा मोठ्यानेच हसले असेन, कारण महोदया कोण हे मला एकटीला कळलं होतं. पत्रकातला 'क्र' त्याने ओळखला होता. सहीतलं आडनाव माझंच होतं, पण आमच्यातलं ते आडनाव इतक्या घरांत असतं की कोणी विचारलं नाही. कोणीतरी म्हटलंच, "तुमच्याकडचाच का गं हा?" मी म्हटलं, "असेल. आमच्या चाळीत बरेच आहेत."

"याला उत्तर काय द्यायचं? इतिहास देईल," असं म्हणून सरांनी कागद माझ्याकडे दिला आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो.

त्या संध्याकाळी दादाने विचारलं, "आलं का उत्तर?" मी म्हटलं, "पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारीही तेच म्हटलं. तिसऱ्या रविवारी त्याने विचारलं तेव्हा मी वैतागून म्हटलं, "दादा, मंडळाला दुसरी कामं आहेत." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. आणि अर्ज लिहिणंही सोडलं. पाट वर माळ्यावर गेला.

संप आपोआप विरला. वर्षभरात मंडळही विरलं. सर मुलीकडे पुण्याला गेले, गिरणीवाल्याने खोली क्लासवाल्यांना दिली. जग होतं तिथेच राहिलं. मी मात्र शिकले, नोकरीला लागले, ठाण्याला घर केलं, आणि दरवर्षी फळ्यावर 'प्रतिक्रांती' लिहून मुलांना अर्थ सांगत राहिले. उदाहरणं कायम लांबची द्यायचे, समुद्रापलीकडची.

दादाशी माझं वाकडं कधीच आलं नाही. तो मला 'बाय' म्हणायचा तसंच म्हणत राहिला. वाकडं आलं ते वहिनीशी, आणि तेही माझ्याच मनात. झालं असं की त्या संपानंतर काही महिन्यांनी एका लग्नात वहिनीने कोणा पाहुणीला दादाची ओळख करून दिली: "आमचे हे प्रतिक्रांतिकारक आहेत हो." आणि हसून माझ्याकडे पाहिलं. टोमणा मारायला बरी जागा शोधली, असं वाटलं. मग ते चालूच राहिलं. बारशाला, घरभरणीला, माझ्या स्वतःच्या लग्नात माझ्या सासूपुढे. "आमचे हे प्रतिक्रांतिकारक." दर वेळी हसायचं आणि माझ्याकडे बघायचं. सासूने मला नंतर विचारलं, म्हणजे काय गं? मी म्हटलं, थट्टा करते ती.

मी मनाशी म्हणायचे, तिचा हक्क आहे. मी केलंच तसं, तिने का सोडावं? पण दर वेळी सुईसारखं टोचायचं, आणि टोचून घ्यायची हौस कोणाला असते? मी मानपाड्याला जाणं कमी केलं. वर्षातून दोनदा, मग एकदा. वहिनी फोनवर म्हणायची, "ताई, या ना, बोंबील आणलेत." मी म्हणायचे, पेपर तपासायचे आहेत. माझ्या आयुष्यात तपासायचे पेपर फार.

दोन वर्षांपूर्वी वहिनी कल्याणला हॉस्पिटलात होती. मी भेटायला गेले. सिस्टर बीपी घेत होती, गप्पा मारत होती. "आजी, हे आजोबा काय करायचे?" वहिनी उशीवरून जरा उठली. आवाज पार खोल गेलेला, तरी म्हणाली, "ते प्रतिक्रांतिकारक." आणि माझ्याकडे बघून हसली.

आता मरणाच्या दारातही सोडत नाही, असं माझ्या मनात आलं. अगदी याच शब्दांत आलं, लपवण्यात अर्थ नाही. मी चहा पिऊन येते म्हणून खाली कँटीनमध्ये गेले आणि तिथूनच घरी आले. नंतर एकदा गेले तेव्हा ती झोपलेली होती. उठवू नका म्हणाले. त्यानंतर पुढची भेट झालीच नाही.

तर आता या पुस्तिकेने तो कोरा रकाना माझ्यापुढे आणून ठेवला. मॅडमनी तिसऱ्यांदा आठवण करून दिली त्या दिवशी घरी आले आणि ठरवलं, आधी जुनं उत्तर देणं आहे ते देऊ, मग मुलांचं बघू. फुलस्केप कागद घेतला. कार्बन पेपर मिळायला स्टेशनरीची तीन दुकानं फिरावी लागली. हाताने लिहिलं.

'प्रति, अर्जदार, मानपाडा. विषय : आपल्या अर्जास उत्तर देणेबाबत. महोदय, आपण विचारलेल्या शब्दाचा अर्थ, जुनी व्यवस्था परत आणू पाहणारा, असा आहे. सदर शब्द आपणास कधीही लागू नव्हता. ज्या सात जणींना कोणी आपलं म्हटलं नव्हतं त्यांच्यासाठी आपण आत गेलात. सदर शब्द लिहिणाऱ्या व्यक्तीस त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी ठाऊक होता, आणि तरीही तिने तो लिहिला. आपला अर्ज मंडळात वाचला गेला तेव्हा ती हसली. उत्तरास झालेल्या उशिराबद्दल तिच्याकडे कोणतेही कारण नाही.' खाली 'आपली विश्वासू' लिहायचं होतं. तिथे पेन बराच वेळ थांबलं. शेवटी नुसतं 'आपली' लिहून सही केली.

गेल्या रविवारी सकाळची बस धरून डोंबिवलीला गेले, तिथून रिक्षाने मानपाड्याला. चाळीच्या जागी आता इमारत आहे, दादा चौथ्या मजल्यावर राहतो. मुलगा-सून कुठेतरी बाहेर गेलेले. भिंतीवर वहिनीचा फोटो, हसरा. दादा सत्तरीच्या आसपास आहे, डोळ्यांनी कमी दिसतं, वाचायला भिंग लागतं.

"बाय? आज कशी काय आलीस? पेपर संपले वाटतं."

मी पाकीट दिलं. त्याने भिंग काढलं, कागद खिडकीकडे धरला, आणि एकेक ओळीवर बोट ठेवत वाचलं. मी फोटोकडे बघायचं टाळत बसले. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "जावक नंबर नाय टाकलास."

"दादा."

"विषय चांगला घेतलायस. एका ओळीत बसलाय." त्याने कागदाची घडी घातली. "पण हे तेव्हा पायजे होतं गं."

"माहीत आहे. म्हणूनच तर..."

"माझ्यासाठी नाय. मला अर्थ माहीत होता. विहारात काय मी झोपा काढायला जायचो? तुझ्या वहिनीला वाचून दाखवायचं होतं. ती रोज विचारायची, काय केलंत तुम्ही, काय बोलतात तुम्हाला. मी सांगितलं असतं तर बोलली असती, स्वतःच्या बाजूनं सांगतात. मंडळाचा कागद असता, तुझ्या सहीचा, तर तिला पटलं असतं. तू शिकलेली." "तीन रविवार थांबलो. मग मीच सांगितला अर्थ."

"काय सांगितलास?"

"अर्जावर वर काय असतं? प्रति. प्रति तहसीलदार, प्रति मॅनेजर. तसं हे, प्रति क्रांती. क्रांतीला अर्ज लिहिणारा, तो प्रतिक्रांतिकारक. तिला बोललो, लय मोठा शब्द आहे, लोक जळतात म्हणून तोंड फिरवतात."

मला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच अडकलं. "आणि तिला पटलं?"

"पटलं म्हणजे? खूश झालेली. येईल त्याला सांगत सुटलेली. मी किती वेळा बोललो, अगं नको सांगू सगळ्यांना. तर बोलायची, लाजता काय, तुमच्या बहिणीनंच तर छापलंय. तू आलीस की मुद्दाम सांगायची. तुला बरं वाटावं म्हणून."

ते लग्न, ती बारशी, माझी सासू, हॉस्पिटलातली उशी. दर वेळी ती माझ्याकडे बघायची. एवढी वर्षं ती माझे आभार मानत होती, आणि मी पेपर तपासत होते.

खरं म्हणजे दादाचा अर्थ व्याकरणात बसतो. प्रति म्हणजे विरुद्ध, तसंच प्रति म्हणजे च्याकडे, च्या दिशेने. तीसेक वर्षं भाषेवर आणि राज्यशास्त्रावर पोट भरणाऱ्या मला हे एकदाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी आता काय उपयोग, ज्या बाईला सांगायचं ती भिंतीवर.

मला रडताना बघून दादा गडबडला. त्याला रडणाऱ्या माणसापुढे काय करायचं ते कधीच सुचत नाही. चाळीत कोणी रडत आलं की तो पेन शोधायला लागायचा. आताही त्याने तेच केलं. शर्टाच्या खिशातून पेन काढलं आणि हात पुढे केला.

"दुसरी प्रत आणलीस ना? कार्बनची?"

मी दिली. भिंग डाव्या हातात धरून, मान खाली घालून, कोपऱ्यात त्याने त्याच्या त्या अक्षरात लिहिलं, 'मिळाले'. खाली तारीख. सही. रेघ वाकडी गेली नाही. शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली आणि प्रत माझ्या हातात ठेवली.

"ही माझी पोच," तो म्हणाला. "तिची कुठून आणू?"